पिशवी उचलण्याआधी मासा ठरवा

दिवाळे कोळीवाड्यात जा किंवा ठाण्याच्या बाजारात, निघण्याआधी एवढं ठरवा: आज पांढरा मासा की तेलकट? बर्फ किती, वाटण कुठलं, तव्यावर तेल किती, सगळं त्यावर आहे. घोळ, मुडदुशी, लेप या पांढऱ्या माशांची चरबी यकृतात साठते, मांस कोरडं. बांगडा, तारली, पेडवे, पाला या तेलकट माशांच्या मांसातच ती भिनलेली असते. पापलेट पांढऱ्यात धरतात, पण त्याला थोडी चरबी असते, म्हणून ते तव्यावर सुकत नाही. सुरमई मधली. बोंबील कुठल्याच खात्यात बसत नाही. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच.

तेलकट ठरला तर झाकणाचा थर्माकोलचा डबा न्या. उन्हाळ्यात मासा आणि बर्फ वजनाला सारखे. बांगडा, कुपा (ट्यूना), तारली उबेत राहिले की जंतू मांसात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार करतात आणि ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल होतं, ओठ चुरचुरतात, अंगावर पित्त उठतं, आणि दोष मसाल्याला मिळतो. म्हणून भाजी, नारळ, कोथिंबीर आधी. मासळी सगळ्यात शेवटी.

निवडताना पापलेटचा कल्ला दाबा. पांढरं पाणी आलं तर घ्या, लालसर आलं तर पुढच्या टोपलीकडे वळा. बांगडा डोक्याकडून आडवा धरला की शेपटी लोंबता कामा नये. पोट फुटलेला नकोच. आतले पाचक रस पोटाची भिंत खाऊ लागलेले असतात. बोंबील डोलीत, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्यात लागतात आणि डोल चालते भरती-ओहोटीच्या ओढीवर, त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ते जास्त येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ‘आत्ताच बोटीतून उतरलंय’ हे ऐकून घ्या आणि खाडीची मासळी किंवा सुका जवळा घ्या.

चौघांना मध्यम बांगडे सहा ते आठ, सुरमई पाऊण किलो. तुकड्या बोटभर जाड पाडायला सांगा, पातळ तुकडी उलटताना मोडते.

घरी आल्यावर बोंबील आधी हातात घ्या: चिरून मधला काटा काढा, मीठ लावा, वर पाटा ठेवून अर्धा तास पाणी निघू द्या. हे टाळलंत तर तव्यावर लगदा. पांढऱ्या माशाला अर्ध्या किलोला एक चमचा मीठ, अर्धा हळद, दोन चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस), पंधरा-वीस मिनिटं. तासभर ठेवलं तर आंबटाने मांस भुसभुशीत होतं. बांगड्याच्या कालवणात आठ-दहा तिरफळं ठेचून, बी काढून घाला. खोबरं हात राखून, बांगड्याची स्वतःची चरबी पुरते. तळतानाही चिरा दिलेल्या बांगड्याला चमचाभर तेल बस्स. चिकटतो तो बहुतेक ओल्या माशामुळे किंवा तवा पुरता न तापल्याने.

उरलेला फ्रीझरमध्ये टाकताना पिशवीवर तारीख लिहा: पांढरा तीन-चार महिने, तेलकट जास्तीत जास्त दोन, कारण चरबी बर्फातही खवट होते. गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, मिळाली तर मात्र ठेवू नका. त्याच दिवशी हळद-मीठ लावून पाच मिनिटं वाफवा, मग चकत्या करून तळा. कच्ची तळली की फुटून अंगावर उडते.