डोळ्यात भरायचं जेल तपासताय? या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन मुंबईत झालं. आतला काचाभ द्रव, म्हणजे व्हिट्रियस, काढून त्या जागी गॅस भरला आणि डॉक्टरांनी बजावलं, की गॅस विरेपर्यंत कसारा घाट चढायचा नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. तेवढ्या चढात हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उतरतो आणि बंद डोळ्यातला गॅस तेवढाच फुगू पाहतो. बाबा सहा आठवडे डोंबिवलीला आत्याकडे राहिले, त्यातले पहिले आठ दिवस पालथे झोपून. गॅसऐवजी सिलिकॉन तेल भरलं तर घाटाची अडचण नाही, पण तेलाचा अपवर्तनांक १.४० आणि व्हिट्रियसचा १.३३६ च्या आसपास. त्यामुळे नैसर्गिक भिंग असलेल्या डोळ्यात चष्म्याचा नंबर पाच-सहाने सरकतो, आणि ते तेल सहसा काही महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन करून काढावं लागतं.

म्हणून जेल. पाणीच जास्त असलेलं, पारदर्शक, सुईतून जाईल आणि आत जाऊन बसेल असं. नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात एम.फार्म.च्या मुलांना या विषयाचे प्रोजेक्ट मी देते. दरवर्षी नवी मुलं येतात, चुका मात्र बऱ्याचशा त्याच असतात. मुळाशी एकच गोष्ट असते: जेल बीकरमध्ये तपासलेलं असतं, जायचं असतं डोळ्यात.

बनवल्या बनवल्या मोजू नका

जेल तयार झालं की रिओमीटरवर, म्हणजे पदार्थ किती ताठ, किती प्रवाही ते मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवायचं, आकडा छान आला की ग्राफ काढायचा. सगळे हेच करतात. पण हे जेल शस्त्रक्रियेत २३ किंवा २५ गेजच्या, म्हणजे अगदी बारीक सुईच्या, वाटेने आत जाणार आहे. त्या अरुंद नळीत त्याची जाळी चिरडते. काही जेल तुटून पुन्हा सांधतात, काहींचे दाण्यादाण्याचे तुकडे होतात. बाटलीत एकसंध दिसणारं जेल सुईतून काढल्यावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखं झालेलं मी पाहिलं आहे. त्यामुळे प्रत्येक मोजणी दोनदा करा: सुईआधी आणि सुईनंतर. अहवालात दुसरा आकडा महत्त्वाचा.

रिओमीटरवरच्या आणखी दोन गोष्टी. व्हिट्रियस फारच मऊ असतो, त्याची ताठरता काही पास्कलच्या घरातली. इतक्या मऊ पदार्थाला मोठ्या व्यासाची तबकडी हवी, आणि आधी ताण हळूहळू वाढवून जेल कुठपर्यंत न मोडता साथ देतं ते शोधायला हवं. ती पायरी वगळून फ्रिक्वेन्सीची (जेल वेगवेगळ्या वेगाने हलवून पाहण्याची) चाचणी लावली तर आपण मोडलेलं जेल मोजत बसतो. दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. एप्रिल-मेमधली आपल्याकडची कोरडी हवा आणि तबकडी ३५ अंशांवर! तासाभरात कडा सुकतात, आकडा चढत जातो आणि मुलगा आनंदाने सांगतो, ‘मॅडम, जेल अजून घट्ट होतंय.’ जेल घट्ट होत नाही, वाळत असतं. भोवती झाकण लावा, आत ओलसर कापूस ठेवा किंवा कडेला पातळ तेलाचा थर द्या.

‘रूम टेम्परेचर’ असं लिहू नका

उष्णतेने घट्ट होणाऱ्या जेलवर काम करणाऱ्यांसाठी ही सर्वांत महाग चूक. नाशिकची खोली डिसेंबरच्या सकाळी एक असते, मेच्या दुपारी दुसरीच. हिवाळ्यात आमच्याकडे एका पॉलिमरचं द्रावण पाण्यासारखं सुईतून गेलं. तेच द्रावण मे महिन्यात, वीज गेलेली असताना, सिरिंजमध्येच जमलं आणि दट्ट्या जागचा हलेना. मुलीला वाटलं बॅच बिघडली. बॅच तीच होती, खोली वेगळी होती. वहीत अंश सेल्सिअसमध्ये आकडा लिहा, सिरिंज बर्फाच्या पेटीत ठेवा.

उलट बाजूही पाहा. मुलं ३७ अंश धरून चालतात. डोळ्याच्या आत तापमान त्याहून थोडं कमी, साधारण ३४-३५ असतं, आणि शस्त्रक्रियेत थंड द्रव सतत खेळवल्याने ते आणखी बरंच खाली येतं. ३६ अंशांना जमणारं जेल त्या घडीला डोळ्यात पातळच राहील आणि पडद्याच्या भोकातून मागे शिरेल. ज्या क्षणी ते घट्ट व्हायला हवं, नेमकं तेव्हाच.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये फुगवू नका

हायलुरॉनिक आम्लासारख्या विद्युतभारित पॉलिमरचं जेल साध्या पाण्यात अफाट फुगतं आणि क्षारांच्या द्रावणात बरंच कमी. पाण्यातला आकडा डोळ्याबद्दल काहीच सांगत नाही. बफर्ड सलाईन (पीएच स्थिर ठेवणारं मिठाचं पाणी) घ्या, पीएच ७.४, आणि ते ठरावीक दिवसांनी बदला.

त्याहून मोठा मुद्दा जागेचा आहे. बीकरमध्ये जेलला हवं तितकं पसरता येतं. डोळा बंद आहे आणि त्यात व्हिट्रियसची जागा जेमतेम ४ मिलिलिटर. औषधाचं साधं इंजेक्शन डोळ्यात देतात ते ०.०५ मिलिलिटरचं, तेवढ्यानेही दाब थोडा वेळ वाढतो. तुमचं जेल ५ टक्के फुगलं तर हिशोब ०.२ मिलिलिटरचा होतो, म्हणजे चार इंजेक्शनांइतका. म्हणून भरलेल्या डायलिसिस पिशवीत किंवा जाळीच्या झाकणाच्या छोट्या कुपीत, कोंडलेल्या अवस्थेत जेल तपासा. आणि घाई करू नका. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या बाहेरून बांधायचे हायड्रोजेलचे पट्टे १९८० च्या दशकात वापरले गेले. सुरुवातीला ते उत्तम वाटले, पण कित्येक वर्षांनी ते फुगून ठिसूळ झाले आणि काढताना हातात तुकडे येऊ लागले. दोन आठवड्यांच्या तक्त्यावरून ‘स्थिर आहे’ असं लिहिण्याआधी ती गोष्ट आठवा.

जांभळा रंग म्हणजे जिवंत पेशी, असं समजू नका

इथे मी स्वतः फसले, म्हणून जरा सविस्तर सांगते. पेशींवरच्या विषारीपणासाठी एमटीटी चाचणी सगळीकडे करतात. एमटीटी हे पिवळं रंगद्रव्य, ते जिवंत पेशींमध्ये जांभळं होतं. रंग जितका गडद तितक्या पेशी जिवंत, असं गणित. आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे जिवंत पेशींत ३० टक्क्यांहून जास्त घट झाली तर पदार्थ विषारी धरतात.

आमच्या जेलमध्ये थायॉल, म्हणजे गंधक-हायड्रोजनचे, गट होते. त्यांतले गंधक एकमेकांना जोडले जाऊन (डायसल्फाइड बंध) जेल जमतं, ही कल्पना चांगली आहे आणि जगात अनेक जण त्यावर काम करतात. निकाल आला: पेशी जिवंत, काही ठिकाणी तर नुसत्या माध्यमापेक्षाही जास्त! शंभराच्या वर गेलेल्या त्या आकड्यानेच मला थांबवायला हवं होतं. मी थांबले नाही. पुढे एका मुलीने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर बऱ्याच पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या. थायॉल एमटीटीला पेशींशिवायच जांभळं करतात. न जुळलेले थायॉल जेलमधून झिरपत होते आणि रंग त्यांचाच होता.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. चाचणीच्या प्लेटमधल्या, पेशी नसलेल्या खड्ड्यात फक्त जेल आणि एमटीटी घालायचं. तिथे रंग आला तर एमटीटीचा आकडा बाद. जेलचा अर्क काढून टाकून, पेशी धुऊन मगच एमटीटी घालायचं, आणि जोडीला जिवंत-मृत पेशी रंगवणारी दुसरी चाचणी हवीच. रोज डोळ्यांनी पेशी पाहायच्या, हे तर आहेच.

पारदर्शकतेबद्दल थोडक्यात. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (प्रकाश मोजायच्या पारदर्शक चौकोनी कुपीत) ९० टक्के प्रकाश पार झाला म्हणजे डोळ्यातल्या साधारण १६ मिलिमीटरच्या वाटेत तो ८४-८५ टक्केच उरतो. शिवाय पुढच्या दिशेने विखुरलेला प्रकाशही यंत्र पार झालेलाच मोजतं. क्युव्हेट वर्तमानपत्राच्या बारीक टाइपापासून थोडं वर धरून आरपार वाचून पाहा. अक्षरांभोवती धुकं दिसलं तर आकडा कितीही चांगला असो, जेल नापास. बुडबुडे असतील तर आधी सेंट्रिफ्यूज करा.

निर्जंतुकीकरण शेवटी ठेवू नका

जून उजाडतो, थिसिस जमा करायची वेळ येते, आणि मग जेल ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जातं. १२१ अंशांवर हायलुरॉनिक आम्लाच्या साखळ्या तुटतात, जेल पातळ होतं. गॅमा किरणांनीही साखळ्या तुटतात किंवा नको तिथे जुळतात. म्हणजे आधीच्या सगळ्या चाचण्या वेगळ्याच पदार्थावर झाल्या! जमण्याआधीची द्रावणं ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळता येतात का ते पहिल्याच महिन्यात पाहा, आणि पुढचा प्रत्येक नमुना निर्जंतुक केलेलाच वापरा. गाळल्याने जिवाणू अडतात, त्यांचं एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) अडत नाही. त्याची तपासणी वेगळी करा. डोळा त्याबाबतीत फार नाजूक आहे.

बोकडाचे डोळे आणत असाल तर खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, बर्फाच्या डब्यात आणा आणि त्याच दिवशी वापरा. फ्रीझरमध्ये ठेवू नका, बर्फाच्या स्फटिकांनी व्हिट्रियसची जाळी मोडते. तुलना करताना हेही लक्षात असू द्या, की कोवळ्या जनावराचा व्हिट्रियस घट्ट असतो, तर माणसाचा वयाबरोबर पातळ होत जातो.

आणखी एक सवय लावून घ्या. प्रत्येक बॅचची एक कुपी सीलबंद करून, तारीख घालून ३५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये मागच्या कोपऱ्यात ठेवून द्या आणि महिन्यातून एकदा उजेडासमोर धरा. आमच्या पाच कुप्यांपैकी दोन चौथ्या महिन्यात पिवळ्या पडल्या, एकीत तळाला पाणी सुटलं. उरलेल्या दोघींवर आता पुढचं काम चालू आहे.