घाटात धो-धो, माणदेशात भुरभुर: चाड्यावर मूठ धरण्याआधी

दरवर्षी जूनमध्ये बातमी येते की मान्सून आला, महाबळेश्वरला झोडपून काढलं. लगेच माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या भागात बियाण्याच्या दुकानांत गर्दी सुरू होते. ही घाई करू नका. घाटातला पाऊस हा आपला पाऊस नव्हे, आणि तो का नव्हे हे कळलं की पेरणीचा निर्णय बराच सोपा होतो.

अरबी समुद्रावरून येणारी हवा बाष्पाने भरलेली असते. सह्याद्री आडवा आला की तिला वर चढावंच लागतं. वर दाब कमी, म्हणून ती पसरते आणि थंड होते. थंड हवेत तेवढं बाष्प मावत नाही, ते कोकणात आणि घाटमाथ्यावर कोसळतं. माथा ओलांडून हीच हवा पूर्वेला खाली उतरते तेव्हा उलटं घडतं. उतरताना ती दाबली जाते, किलोमीटरमागे दहा अंशांपर्यंत तापते आणि ढग विरतात. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून रस्त्याने तीसेक किलोमीटरवरच्या वाईत त्याचा आठवा भागही जेमतेम, आणि माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर.

ढग गेले तरी वारा मात्र राहतो. वनकुसवडेच्या पठारावर, ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा तिथे सर्वांत जोरात असतो. तोच वारा तुमच्या रानातली वरची ओल दोन-तीन दिवसांत उडवतो. म्हणून भुरभुरीवर पेरलेलं बी उगवतं आणि कोंब वाळतो. दुबार पेरणीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

अंदाज वाचतानाही डोंगर ध्यानात ठेवा. हवामान विभागाच्या 'मध्य महाराष्ट्र' उपविभागात महाबळेश्वरही येतं आणि सांगोलाही. इशाऱ्यांमध्ये 'सातारा घाट', 'पुणे घाट' अशी वेगळी नोंद असते, त्या रेड अलर्टवर पूर्वेकडच्या तालुक्यांनी पेरणी ठरवू नये. हवामान विभागाच्या मेघदूत ॲपवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा शेतीचा सल्ला पाहा, आपल्या महसूल मंडळातल्या केंद्राची पावसाची नोंद पाहा. त्याहून खात्रीचं म्हणजे स्वतः मोजणं. सरळ काठाचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजा. अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडला तर हवामान विभागही तो पावसाचा दिवस धरत नाही, मग आपण का धरावा?

सलग काही दिवसांत 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुदळीने उकरल्यावर वीतभर खोल ओल लागली, तरच पेरा. मृग नक्षत्र कोरडं गेलं तरी बिघडलं नाही, जुलैच्या मध्यापर्यंत आर्द्रा आणि पुनर्वसू हातात आहेत. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच घ्या. त्यानंतर त्यांच्या मागे लागू नका, कारण शेंगा नेमक्या सप्टेंबरच्या पावसात सापडतात. बाजरी जुलैच्या मध्यापर्यंत चांगली येते. एकट्या बाजरीपेक्षा दोन ओळी बाजरी आणि एक ओळ तूर घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. ऑगस्टमध्ये खंड पडून बाजरी हुकली तरी तूर सप्टेंबरच्या पावसावर सावरते. जुलैचा उत्तरार्ध उजाडला तर सूर्यफूल, हुलगा, एरंडी, तूर. उशिरा पेरलेली बाजरी सप्टेंबरच्या ओल्या हवेत फुलोऱ्यात येते आणि कणसाला अरगट हा बुरशीचा रोग धरते. म्हणून बाजरी पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बी बुडवा, तरंगणारं काढून टाका, उरलेलं स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि मगच पेरा. जुलैच्या वाऱ्यात फवारणी करायचीच असेल तर पहाटे वारा पडलेला असताना करा.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. डोंगराआडच्या या पट्ट्याचा हुकमी पाऊस पश्चिमेकडून येत नाही, तो पूर्वेकडून येतो. ऑगस्टअखेर पश्चिमेचा जोर ओसरू लागतो. बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं आंध्र-तेलंगणामार्गे इकडे सरकली की त्या बाजूची ओली हवा आपल्याकडे पोहोचते, आणि तिच्या वाटेत सह्याद्री नसतो. उत्तरा आणि हस्त, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ही आपली नक्षत्रं. खुणा सोप्या आहेत: वारा पडतो, दुपारी उकाडा असह्य होतो, पूर्वेला किंवा आग्नेयेला ढगांचे डोंगर चढतात, संध्याकाळी गडगडाट. असा पाऊस तासाभरात पन्नास मिलिमीटरही देतो. वीज कडाडू लागली की झाडाखाली थांबू नका, जनावरंही झाडाला बांधू नका. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या.

हे पाणी रानातच जिरलं पाहिजे, आणि त्याची तयारी जुलै-ऑगस्टमध्येच व्हायला हवी. रब्बीसाठी राखलेल्या रानात उताराला आडव्या सऱ्या पाडा आणि त्यांना ठरावीक अंतरावर मातीचे आडवे बांध घाला, किंवा सारायंत्राने वाफे बांधून ठेवा. कृष्णा, नीरा घाटात उगम पावतात, म्हणून त्यांच्या काठाला घाटाचं पाणी आपोआप मिळतं. माण नदी उगवते तीच पर्जन्यछायेत, तिच्या खोऱ्यातल्यांना बांधावरच पाणी अडवावं लागणार.

रब्बी ज्वारी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरदरम्यान पेरा. हलक्या रानात फुले अनुराधा किंवा फुले माऊली हे वाण घ्या, मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा मालदांडी, भारी काळ्या रानात फुले वसुधा. हेक्टरी दहा किलो बी, दोन ओळींत दीड फूट अंतर, खोली दोन इंच. काणी हा कणसाचा बुरशीरोग येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधक चोळा. चित्रा संपता संपता वारा फिरतो आणि जमिनीवरून येणारी कोरडी हवा सुरू होते. त्यानंतर पावसाचा भरवसा धरू नका. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने पहिली कोळपणी, पाचव्यात पासेच्या कोळप्याने दुसरी, आणि आठव्या आठवड्यात, रान भेगाळू लागलं की, दातेरी कोळप्याने तिसरी करून भेगा बुजवून घ्या.