गोळ्यांची पिशवी उलटी करा, स्ट्रिप कशी वाचायची ते सांगतो

घरोघरी गोळ्यांची एक पिशवी असतेच, कॅरीबॅग नाहीतर सोनपापडीचा जुना डबा. ती आधी गादीवर उलटी करा, मग पुढचं वाचा. मी नागपुरात मेडिकल चौकाकडे एका मेडिकलवर काउंटरला असतो आणि लोकं रंगावरून गोळी मागतात, "ती गुलाबी द्या ना भाऊ, बीपीची". आता गुलाबी गोळ्या दुकानात ढीगभर आहेत, कोणती देऊ?

मागच्या उन्हाळ्यात एक काकू ओआरएस घ्यायला आल्या, म्हणे चक्कर येऊन राहिली, ऊन लागलं असेल. पिशवी दाखवा म्हटलं. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या, एक स्ट्रिप निळी एक लाल, ब्रँड वेगळे, आणि दोन्हींत बीपीचं तेच औषध, टेल्मिसार्टन 40. दोन्ही रोज सकाळी चालू! मी माझ्या मनानं काही बंद केलं नाही, दोन्ही स्ट्रिपा हातात देऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं, एक बंद झाली.

म्हणून पहिलं काम, ब्रँडचं नाव अंगठ्यानं झाका. उरतं ते वाकडंतिकडं नाव, 'टॅबलेट्स आयपी'च्या आधीचं, तेच खरं औषध. आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, गोळीत औषध किती आणि किती शुद्ध पाहिजे हे ठरवणारं सरकारी पुस्तक. 2018 पासून नियम आहे की हे नाव ब्रँडपेक्षा किमान दोन फॉन्ट साईझ मोठं छापायचं, फक्त व्हिटॅमिनची कॉम्बिनेशन्स आणि तीन किंवा जास्त औषधांच्या गोळ्या सोडून. आणि घोळ नेमका तिथेच होतो, सर्दीच्या गोळीत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं, वरून तापाची म्हणून वेगळी पॅरासिटामॉल, वरून अंगदुखीच्या गोळीतही तेच. मोठ्या माणसाला 24 तासांत जास्तीत जास्त 4 ग्रॅम, लिव्हर खराब असेल किंवा रोजची दारू असेल तर त्याहून कमी. मागच्या बाजूला 'ईच टॅबलेट कंटेन्स' लिहिलेलं असतं, ते वाचा आणि बेरीज करा.

आता नावाची शेपटी बघा. ही नावं कंपनी मनानं ठेवत नाही, डब्ल्यूएचओ ठरवते, पहिली यादी 1953 ची. शेवटी ओलोल आलं की बीटा ब्लॉकर, म्हणजे बीपी-हृदयाचं, स्टॅटिन कोलेस्टेरॉलचं, प्राझोल ॲसिडिटीचं, ग्लिप्टिन शुगरचं, फ्लॉक्सासिन अँटिबायोटिक. पिशवीत एकाच शेपटीच्या दोन गोळ्या निघाल्या तर डॉक्टरला विचाराच.

प्रिल आणि सार्टन या बीपीच्या गोळ्यांच्या शेपट्यांची गोष्ट मला लय आवडते. ब्राझीलमधे जराराका नावाचा साप आहे, तो चावला की बीपी धाडकन खाली येतं. 1965 मधे सर्जिओ फेरेरा या तिथल्या शास्त्रज्ञाला सापाच्या विषात असं काही सापडलं की त्यानं शरीरातलं ब्रॅडिकायनिन, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारा पदार्थ, टिकून राहतं, त्या धाग्यावरून पुढे अमेरिकेत कॅप्टोप्रिल बनलं, 1981 मधे तिथे मंजुरी मिळाली. प्रिल ज्या एन्झाईमला थांबवतं ते दोन कामं करतं, रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन टू बनवतं आणि ब्रॅडिकायनिन मोडतं. दोन्ही थांबली की बीपी उतरतं पण, बहुधा साठलेल्या ब्रॅडिकायनिनमुळे, काही लोकांना कोरडा खोकला लागतो, सिरप पिऊन काही फरक पडत नाही. सार्टन एन्झाईमला हात न लावता अँजिओटेन्सिन टू जिथे जाऊन चिकटतं तो रिसेप्टर फक्त अडवतं, म्हणून तो खोकला सहसा होत नाही. तेव्हा खोकल्याचं औषध मागायच्या आधी पिशवीत प्रिल आहे का बघा.

नवीन औषध आधी प्राण्यांवर तपासतात, मग फेज 1 मधे थोड्या, बहुतेक निरोगी माणसांवर, फेज 2 मधे थोड्या पेशंटवर, फेज 3 मधे शेकडो हजारोंवर, आणि दिल्लीहून डीसीजीआयची, म्हणजे देशाच्या औषध नियंत्रकाची, परवानगी मिळाली तरी संपत नाही, बाजारात आल्यावर जे दिसतं ते फेज 4. त्यात तुम्हीही आहात, गोळीनं विचित्र त्रास झाला तर 1800-180-3024 वर कळवता येतं.

लाल रेघ किंवा आरएक्स दिसलं की चिठ्ठीशिवाय मागू नका. लाल चौकटीतला एच1 असेल तर आम्हाला तुमचं नाव रजिस्टरला लिहून 3 वर्षं जपावं लागतं, म्हणून नाव विचारलं की चिडू नका ना बावा. एसआर, ईआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी तोडायची कुटायची नाही, दिवसभराचं औषध एकदम सुटतं. रेघ असलेल्या काही एसआर गोळ्या अर्ध्या करता येतात, पण ते आधी विचारून.

आणि बॅच नंबर. 2025 मधे छिंदवाड्याची लेकरं किडन्या फेल होऊन आपल्या नागपुरात आणली होती, खोकल्याच्या सिरपमधे डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन निघालं. असं झालं की सरकार बॅच नंबर जाहीर करते, पण तुमच्या बाटलीचं लेबल फाटलेलं आणि चार गोळ्यांच्या तुकड्यावर नंबरच नाही, तर कसं शोधणार? स्ट्रिप कापून घेताना बॅच आणि एक्सपायरी नसलेल्या बाजूनं कापायला सांगा, नाहीतर छापलेल्या बाजूचा फोटो काढून घ्या. घरी गोळ्या खाताना पण ती बाजू शेवटी.

एक्सपायरीला फक्त महिना असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते, पण स्ट्रिपवर 30 डिग्रीच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असताना मे महिन्यात सीताबर्डीवर उन्हात लावलेल्या गाडीच्या डिक्कीत दोन तास गोळ्या राहिल्या तर त्या तारखेचा भरवसा मी देणार नाही. इन्सुलिन असेल तर अजिबातच नाही, ते घ्यायला आइसपॅक टाकलेला डबा घेऊनच या.