सरकारी मेल खासगी सर्व्हरवर? या चुका टाळा, आणि झाल्याच असतील तर आधी डिलीट थांबवा

हिलरी क्लिंटन यांच्या ईमेलचा विषय निघाला की अजूनही लोक दोनच गोष्टी बोलतात, एक तर त्यांना जेलमध्ये टाकायला पाहिजे होतं, नाहीतर त्यात काही नव्हतंच. मला दोन्ही पटत नाही. त्या प्रकरणात ज्या चुका झाल्या त्या अगदी साध्या, कुठल्याही ऑफिसात होतील अशा आहेत, आणि आपल्याकडे आमदार, नगरसेवक, सरपंच, त्यांचे पीए यांच्याकडून त्या रोज होत असतात म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात झाली सोयीपासून. जानेवारी २००९ ते फेब्रुवारी २०१३ त्या अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री होत्या आणि सगळी वर्षं सरकारी अकाउंट न वापरता न्यूयॉर्कजवळच्या चॅपाक्वा गावातल्या स्वतःच्या घरच्या सर्व्हरवरून मेल करत होत्या. मार्च २०१५ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा त्या म्हणाल्या की दोन फोन बाळगायला नकोत, एकच बरा, म्हणून तसं केलं. आता कामं पटापट व्हावीत असं कुणालाही वाटतं, ते समजू शकतो, पण यात होतं काय की खात्याकडे स्वतःची कॉपीच राहत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये एका संस्थेनं तिकडच्या माहिती कायद्याखाली क्लिंटन यांची ईमेल अकाउंट किती आहेत असं विचारलं होतं आणि मे २०१३ मध्ये खात्यानं कळवलं की असं रेकॉर्ड सापडलं नाही. आपल्याकडे ज्यांनी आरटीआय टाकलाय त्यांना हे वाक्य पाठ असेल. मी स्वतः एका स्थानिक कार्यालयात एका कामाचा पत्रव्यवहार मागितला होता, उत्तर आलं "माहिती उपलब्ध नाही", नंतर कळलं की सगळं आधीच्या माणसाच्या खासगी जीमेलमध्ये होतं आणि तो माणूस बदलून गेला होता. फार वाईट वाटलं तेव्हा, कारण कुणी काही लपवलं होतं असंही नाही, कागद नुसता हातातून निघून गेला.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक सर्व्हरची नाहीच, निवडानिवडीची आहे. खात्यानं मेल परत मागितले तेव्हा एकूण साधारण ६२ हजार मेल होते, त्यातले ३०,४९० कामाचे म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये दिले आणि जवळपास ३२ हजार खासगी म्हणून बाजूला काढले. हे कुणी ठरवलं? त्यांच्याच वकिलांनी. आणि तेही प्रत्येक मेल उघडून वाचून नाही, हेडर (म्हणजे कुणाकडून, कुणाला, कधी, विषय काय) बघून आणि शब्द सर्च करून. एफबीआयला नंतर कामाचे असे हजारो मेल सापडले जे त्या ३० हजारांत नव्हते. मुद्दाम वगळले असा पुरावा मिळाला नाही असंही एफबीआयनं सांगितलं, ते मान्यच आहे, पण ज्याच्या कामाबद्दल प्रश्न आहे त्याच्याच माणसांनी कुठला कागद आणि कुठला कचरा हे ठरवलं की त्यावर कुणाचा विश्वास बसणार?

पुढचं तर अजून शिकण्यासारखं आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीला सांगितलं होतं की आता ६० दिवसांपेक्षा जुने मेल ठेवू नका. तिथला कर्मचारी ते करायचं विसरला. ४ मार्च २०१५ ला संसदेच्या समितीनं मेल हजर करा असं समन्स काढलं, आणि त्याच महिन्याच्या शेवटी त्या कर्मचाऱ्याला जुनी सूचना आठवली आणि त्यानं ब्लीचबिट नावाचं सॉफ्टवेअर चालवून सगळं पुसून टाकलं! म्हणजे प्रश्न विचारला गेला त्या दिवशी जुन्या सगळ्या "डिलीट करा" सूचना लेखी रद्द करायच्या असतात, तोंडी नाही, आणि प्रत्यक्ष बटण दाबणाऱ्या माणसापर्यंत ते पोचलं का हे बघायचं असतं.

गोपनीय शिक्का नव्हता म्हणून चालतं, हा पण गैरसमज आहे. ११० मेलमध्ये पाठवतानाच गोपनीय असलेली माहिती निघाली आणि शिक्का त्यातल्या अगदी थोड्यांवर होता. खटला चालवू नये अशी शिफारस एफबीआयचे प्रमुख कोमी यांनी ५ जुलै २०१६ ला केली, पण निष्काळजीपणा अतिशय होता हेही तेव्हाच सांगितलं. (आणि हो, क्लिंटन यांच्या २०१६च्या निवडणूक प्रचाराचे प्रमुख पोडेस्टा यांचं जीमेल हॅक झालं ते प्रकरण वेगळं, लोक दोन्ही एकत्र करतात.)

आधीच्यांनीही केलं होतं, हे उत्तर देऊ नका. आधीचे एक परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल खासगी मेल वापरायचे हे खरं, पण २००९ पर्यंत नियम बरेच स्पष्ट झाले होते. आणि पक्ष बदलला म्हणून सवय बदलत नाही, मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारातले मंत्री येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नल या मेसेजिंग ॲपवरच्या ग्रुपवर करत होते, चुकून एक पत्रकारही ग्रुपमध्ये आला आणि काही मेसेज आपोआप गायब होतील असं सेटिंग होतं.

आपल्याकडे आरटीआय कायद्यात माहितीच्या व्याख्येत ईमेल स्पष्ट लिहिलाय, आणि केंद्राच्या १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात कॉम्प्युटरवर तयार झालेलं पण अभिलेखच आहे, नियम मोडून नष्ट केलं तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००५चा आहे.

तर तुमच्या साहेबांचे सरकारी मेल आत्ता खासगी अकाउंटवर असतील तर घाबरून काही पुसू नका. ऑटो डिलीट बंद करा, फोनवरचं पण, व्हॉट्सॲपचं पण. पूर्ण मेलबॉक्स तारीख, हेडर, अटॅचमेंटसकट एक्सपोर्ट करा, प्रिंट काढून गठ्ठे देऊ नका, क्लिंटन यांच्या ऑफिसनं साधारण ५५ हजार पानं कागदावर दिली होती आणि कागदात सर्च मारता येत नाही. खासगी काय ते वेगळं काढायचं असेल तर कार्यालयातला रेकॉर्ड बघणारा अधिकारी सोबत बसवा आणि काय काढलं त्याची यादी ठेवा. इथून पुढे कुणी खासगी आयडीवर कामाचं पाठवलं तर उत्तर सरकारी आयडीवरून द्या आणि मूळ मेल तिकडे फॉरवर्ड करा, अमेरिकेत २०१४ नंतर यासाठी २० दिवसांची मुदत आहे, तुम्ही त्याच दिवशी करा. जुनं अकाउंट बंद करायची घाई नको, कार्यालयानं सगळं मिळालं असं लेखी देईपर्यंत ते चालूच राहू द्या.