ट्रेलर ओढायचाय? गिअर आधी ठरवा

मागे किती ओझं आहे हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला इंजिनावरच्या ताणावरून कळतं, पण पुढे उतार आहे हे त्याला कळत नाही. ते काम चालवणाऱ्याचं. म्हणून ट्रेलर जोडण्याआधीच टो-हॉलचं, म्हणजे ओझं ओढताना वापरायचं, बटण शोधून ठेवा. ते दाबलं की गिअर उशिरा वर जातो आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेक मारल्यावर आपोआप खाली येतो. जुन्या चार गिअरच्या पिकअपमध्ये हे बटण नसेल, तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद करायचं बटण लिव्हरवर असतं. हाताने गिअर धरून ठेवण्याची सोय असेल, तर मोकळ्या सपाट रस्त्यावर एकदा वापरून बघा. चढावर मधोमध शिकायची ही गोष्ट नव्हे.

गिअरबॉक्सचं ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल त्याच पद्धतीने तपासा. रंग तपकिरी झाला असेल आणि करपल्याचा वास येत असेल, तर बदलल्याशिवाय ओझं लावू नका. पुढच्या जाळीमागे ऑइल कूलर असतो, त्याच्या पात्यांत अडकलेली माती आणि किडे हलक्या धारेने धुऊन काढा. हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या कडीवर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा, म्हणजे १,५०० किलोला १५० ते २२५ किलो. टायरमधली हवा गाडी थंड असतानाच मोजा.

चढावर गिअर पाचव्या-सहाव्यात सारखा वर-खाली व्हायला लागला, की पाचवाच धरा. प्रत्येक वेळी टॉर्क कन्व्हर्टरचं, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचं, लॉक सुटतं, ऑइल घुसळलं जातं आणि तापतं. गिअरबॉक्स जळतात ते बहुधा या उष्णतेने. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नका. लाल रेषेच्या बऱ्याच खाली ३,००० ते ३,५०० आरपीएमवर पेट्रोल इंजिन मजेत चालतं. ऑइलचं तापमान दिसत असेल तर त्यावर नजर ठेवा. १२० अंशांच्या वर गेलं, तर वेग कमी करा आणि खालचा गिअर घ्या. चढावर थांबावं लागलं तर गाडी ब्रेकवर धरा. अॅक्सिलरेटरवर धरली तर ऑइल बघता बघता तापतं.

उताराचा गिअर माथ्यावरच घ्या. वेग आधी ब्रेकने कमी करा, कारण वेग जास्त असला तर इंजिन वाचवण्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर खालचा गिअर देतच नाही. अॅक्सिलरेटर सोडल्यावरही वेग वाढत नाही, तो गिअर बरोबर. वाढलाच तर ब्रेक तीनेक सेकंद ठाम दाबा, वेग ८-१० किलोमीटरने उतरवा आणि सोडा. हलका ब्रेक सतत दाबून ठेवला, तर पॅड तापून पकड सोडतात. ओल्या रस्त्यावर एकदम दोन गिअर खाली आणू नका. मागची चाकं घसरतात आणि ट्रेलर पिकअपला आडवं ढकलतो. न्यूट्रल तर कधीच नको.

उतारावर उभं करताना पाय ब्रेकवरच ठेवा आणि ट्रेलरच्या चाकांना खालच्या बाजूने दुसऱ्या कुणाला तरी उटी, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून ठेवायचे ठोकळे, लावायला सांगा. मग न्यूट्रल करून ब्रेक हळूच सैल करा, भार उटींवर बसू द्या, हँडब्रेक ओढा आणि शेवटी पार्क. आधीच पार्क केलं, तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका लहानशा खिट्टीवर येतं. मग निघताना लिव्हर जड जातो आणि खाडकन आवाज होतो.