गावातल्या वीरगळाची नोंद कशी करावी

वीरगळ, म्हणजे लढताना मरण आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभा केलेला कोरीव दगड, खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर, त्यावर लढाई, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खाली गाई कोरलेल्या असतील तर बहुधा गोधन वाचवताना आलेलं मरण. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला, तर ती सतीशिळा.

फोटो भर दुपारी काढू नका. उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी टॉर्च दगडाच्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. झिजलेली अक्षरंसुद्धा सावलीने उठून येतात. फोटोत दगडाशेजारी मोजपट्टी ठेवा, चारही बाजू टिपा. उंची, रुंदी, जाडी आणि जीपीएस स्थान तिथेच लिहा. घरी गेल्यावर फोटोंची सरमिसळ होते.

अक्षरं स्पष्ट व्हावीत म्हणून खडू, पीठ, तेल काहीही लावू नका. तारेच्या ब्रशने तर शेकडो वर्षांचं कोरीवकाम मिनिटांत जातं! माती मऊ, कोरड्या ब्रशने झटका. अर्धा पुरलेला दगड उकरू नका, हलवू नका: जागा हाही पुरावाच आहे. ग्रामपंचायतीला आणि राज्य पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा.