फँटसी फुटबॉल: हातातला आठवडा घालवणाऱ्या या चुका टाळा

फँटसी फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ करायचा आणि त्यांच्या खेळाचे गुण आपण मोजायचे. ऑगस्टच्या शेवटी ड्राफ्ट होतो, म्हणजे लीगमधले सगळे पाळीपाळीने खेळाडू उचलतात, आणि पुढचे चार महिने सगळे त्यावरच बोलत राहतात. कुणी कुणाला कितव्या फेरीत उचललं, कोण फसलं, कुणाची लॉटरी लागली. पण लीगमधल्या पुष्कळशा लढती ड्राफ्टमध्ये हरलेल्या नसतात, त्या मंगळवार ते सोमवार या आठवड्यातल्या बारीकसारीक निर्णयांत जातात. संघ बरा असतो, फक्त वीस गुण बेंचवर (गुण न धरल्या जाणाऱ्या राखीव जागांत) बसलेले असतात आणि मैदानात एक शून्य असतं. एनएफएल (अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग) थोडीफार कळते, ऑफिसच्या किंवा मित्रांच्या लीगमध्ये संघ आहे, पण दर आठवड्याला लाइनअप, म्हणजे कुणाकुणाला खेळवायचं ते, लावताना गोंधळ उडतो, अशांसाठी हे लिहितो आहे.

समोर कोण आहे ते न बघणं

भारतातून या खेळाकडे येणाऱ्यांना ड्रीम इलेव्हनची सवय असते. तिथे हजारो-लाखो लोकांतून वर यायचं असतं, म्हणून फारसा कुणी न घेतलेला खेळाडू शोधावा लागतो. हेड-टू-हेड लीगमध्ये तुमचे ९५ झाले आणि समोरच्याचे ९४, की आठवडा तुमचा. शेजारच्या लढतीत कुणी दीडशे केले तरी तुमचं काही बिघडत नाही. तुमचं भांडण एकाच माणसाशी आहे आणि त्याचा संघ तुम्हाला उघड दिसतो आहे. तरीही तो उघडून बघणारे थोडेच.

पाच मिनिटं पुरतात. एनएफएलचे ३२ संघ १८ आठवड्यांत प्रत्येकी १७ सामने खेळतात, म्हणजे प्रत्येक संघाला मध्ये एक आठवडा सुट्टी, तोच बाय वीक. समोरच्याचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) या आठवड्यात सुट्टीवर असेल आणि त्याच्या बेंचवर दुसरा नसेल, तर तो वेव्हरवर, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंत, क्वार्टरबॅक शोधायला येणार हे उघड आहे. तुमच्या बेंचवरचा शेवटचा गडी काही कामाचा नसेल तर त्याला सोडा आणि उपलब्ध असलेला त्यातल्या त्यात बरा क्वार्टरबॅक आधीच उचला. काहींना हा खोडसाळपणा वाटतो. मला तो खेळाचाच भाग वाटतो. मात्र त्यापायी स्वतःचा उपयोगी रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) सोडायचा नाही.

मग दोन्ही संघांचे प्रोजेक्शन, म्हणजे ॲपने धरलेले अपेक्षित गुण, बघा. ॲपचे आकडे काही वेदवाक्य नव्हेत, पण कोण साधारण किती पुढे आहे ते कळतं. फरक पाच-सात गुणांचा असेल तर काही चतुराई करू नका, जास्त गुण करतील असे वाटणारे खेळाडू लावा. चतुराईची वेळ फरक वीस-पंचवीसचा असतो तेव्हा येते. समजा तुमच्याकडे दोन वाइड रिसीव्हर (पास झेलणारे) आहेत, दोघांची सरासरी ११. एक दर आठवड्याला ९ ते १३ करतो. दुसरा एका रविवारी ३ करतो आणि पुढच्या रविवारी १९. तुम्ही पुढे असाल तर पहिला लावा. वीस गुणांनी मागे असाल तर पहिल्याचा काय उपयोग? तो तुम्हाला बिनचूकपणे पराभवाकडे नेईल. तिथे दुसराच हवा.

मागे असताना आणखी एक हत्यार आहे: क्वार्टरबॅक आणि त्याच्याच संघाचा रिसीव्हर, दोघांना एकत्र लावायचं. दर झेलाला एक गुण देणाऱ्या लीगमध्ये ३० यार्डांचा टचडाऊन (चेंडू समोरच्याच्या गोललाइनपलीकडे नेणं) पास गेला, तर क्वार्टरबॅकचे यार्डांचे १.२ आणि टचडाऊनचे ४, रिसीव्हरचे यार्डांचे ३, टचडाऊनचे ६ आणि झेलाचा १. एका चेंडूत १५.२ गुण. त्या संघाचा दिवस वाईट गेला तर दोघेही एकदम बुडतात, म्हणून पुढे असताना हा जुगार कशाला?

याच्या उलट एक युक्ती लोक फार करतात. समोरच्याकडे अमुक क्वार्टरबॅक आहे, मग त्याचाच रिसीव्हर आपण लावू, म्हणजे त्याचा टचडाऊन 'कटेल'. यात चढउतार कमी होतात एवढंच, म्हणजे उपयोग झालाच तर आघाडीवर असताना. आणि तो रिसीव्हर तुमच्या बेंचवरच्या दुसऱ्यापेक्षा कच्चा असेल तर तेव्हाही नाही.

लीगचे नियम एकदाच वाचून विसरणं

हे पटकन उरकतो. एका रनिंग बॅकने धावून ८० यार्ड काढले, झेल एकही नाही. दुसऱ्याने धावून ३५ यार्ड आणि सहा झेलांत ४५ यार्ड. झेलाला गुण नसलेल्या लीगमध्ये दोघांचे ८-८. अर्ध्या पीपीआरमध्ये (झेलाला अर्धा गुण) दुसऱ्याचे ११, पूर्ण पीपीआरमध्ये (झेलाला एक) १४. इंटरनेटवरची क्रमवारी वाचताना ती कुठल्या पद्धतीची आहे हे बघितलं नाही, तर दर आठवड्याला असे तीन-तीन गुण गळत राहतात. पासिंग टचडाऊनला ४ की ६, हेही बघा. सहा असतील तर धावणाऱ्या क्वार्टरबॅकचं भाव खाणं थोडं कमी होतं.

लाल-हिरव्या रंगांवर विसंबणं

ॲपमध्ये खेळाडूच्या नावाशेजारी प्रतिस्पर्धी डिफेन्सचा (बचाव फळीचा) क्रमांक असतो. हिरवा म्हणजे सोपा, लाल म्हणजे अवघड. सप्टेंबरमध्ये तो बघूच नका. दोन-तीन सामन्यांवरून काढलेला क्रमांक म्हणजे आतापर्यंत समोर कोण आलं याची नोंद, दुसरं काही नाही. पुढेसुद्धा तो फसवतो. एखाद्या डिफेन्सने पासवर कमी यार्ड दिलेले दिसतात, कारण त्यांच्याविरुद्ध धावणं इतकं सोपं असतं की कुणी पास टाकायच्या भानगडीत पडतच नाही. आणि लाल रंग बघून आपला पहिल्या फेरीतला खेळाडू बेंचवर बसवणं ही तर जुनी खोड. मॅचअपचा विचार दोन सारख्या खेळाडूंत निवड करताना करावा. भारी खेळाडूला बसवायला ते कारण पुरत नाही.

त्यापेक्षा उपयोगी आकडे दोन. एक म्हणजे वाट्याला येणारं काम: खेळाडू किती स्नॅप (डाव) मैदानावर होता, किती टार्गेट (त्याच्या दिशेने टाकलेले पास) मिळाले, किती वेळा चेंडू हातात दिला गेला. टचडाऊन येतात-जातात, काम टिकतं. तीन झेलांत दोन टचडाऊन करणाऱ्यापेक्षा दहा टार्गेट मिळून ६० यार्ड करणारा पुढच्या आठवड्यात जास्त भरवशाचा.

दुसरा आकडा सट्टाबाजाराचा. पैसे लावायची गरज नाही, आकडा फुकट दिसतो. सामन्यात मिळून ४८ गुण अपेक्षित आहेत आणि एक संघ ६ ने वरचढ मानला जातो, तर त्याचे साधारण २७ आणि दुसऱ्याचे २१ धरले आहेत. वरचढ संघाचा रनिंग बॅक घ्यायला बरा, कारण आघाडी मिळाली की घड्याळ पळवायला त्याच्याच हातात चेंडू देतात. पडत्या संघाचा रनिंग बॅक झेल घेणारा नसेल तर दुसऱ्या हाफमध्ये तो बेंचवर दिसतो. किरकोळ संघाचं डिफेन्ससुद्धा (फँटसीत अख्खी बचाव फळी एकाच जागेत बसते) योग्य आठवड्यात लावता येतं, फक्त समोरच्याचा अपेक्षित आकडा १७-१८च्या आसपास हवा.

अर्थात संघाचं हित आणि तुमचं हित एकच असेल असं नाही. १६ डिसेंबर २००७ ला फिलाडेल्फिया ईगल्सच्या ब्रायन वेस्टब्रुकला डॅलसविरुद्ध गोललाइन मोकळी होती. तो एक यार्ड अलीकडे मुद्दाम खाली बसला, कारण तेवढ्याने घड्याळ संपवता येत होतं. ईगल्स १०-६ ने जिंकले. ज्यांनी त्याला फँटसी संघात लावलं होतं, ती मंडळी आजही त्या सहा गुणांचा विषय काढतात.

मागच्या रविवारच्या मागे धावणं

२४ सप्टेंबर २०२३ ला मायामी डॉल्फिन्सने डेन्व्हरला ७०-२० ने धुतलं. डेव्हॉन एचेन नावाच्या नवख्या रनिंग बॅकने धावून २०३ यार्ड काढले, चार झेल घेतले आणि एकूण चार टचडाऊन केले. पूर्ण पीपीआरमध्ये ५१.३ गुण. त्याचा सहकारी रहीम मॉस्टर्ट, त्यानेही चार टचडाऊन केले. कित्येक लीगमध्ये एचेन त्या दिवशी कुणाच्या तरी बेंचवर होता, नाहीतर वेव्हरवर. पुढच्याच आठवड्यात बफलोने मायामीला ४८-२० ने हरवलं. एचेन तिथेही चालला, मॉस्टर्टला मात्र धावण्यातून जवळपास काहीच मिळालं नाही. एकाच सामन्यात दोघांचे चार-चार टचडाऊन, पण पुढे काय होणार हे त्या आकड्यातून कळणार नव्हतं. मंगळवारी वेव्हरवर लीगमधल्या लुटुपुटूच्या पैशांची बोली लावताना विचारायचं ते एवढंच: हे गुण कामातून आले की एका वेड्या दुपारमधून?

बर्फाला घाबरणं, वाऱ्याला विसरणं

टीव्हीवर बर्फ पडताना दिसला की लोक रिसीव्हर बदलायला धावतात. पास आणि किक खऱ्या अर्थाने बिघडवतो तो वारा. ६ डिसेंबर २०२१ ला सोमवारी रात्री बफलोच्या घरच्या मैदानावर असा वारा सुटला होता की न्यू इंग्लंडच्या मॅक जोन्सने अख्ख्या सामन्यात तीन पास टाकले. तीन. संघ ४६ वेळा धावला आणि १४-१० ने जिंकला. ताशी वीस मैलांच्या वर वारा सांगितला असेल तर किकर आणि लांब पासवर जगणारे रिसीव्हर यांचा फेरविचार करा, साध्या पावसासाठी संघ उलटापालटा करू नका. डेट्रॉइट, मिनियापोलिस, न्यू ऑर्लीन्स, लास व्हेगस इथे छत आहे. तिथला अंदाज बघत बसणारेही मी पाहिले आहेत.

घड्याळाशी न जमणं

सर्वांत जास्त गुण इथे जातात, आणि सर्वांत विनाकारण.

आधी फ्लेक्सची जागा. तिथे रनिंग बॅक, वाइड रिसीव्हर किंवा टाइट एंड (अडवतो आणि पासही झेलतो) कुणीही बसतो. गुरुवारी रात्री खेळणारा रिसीव्हर तुम्ही फ्लेक्समध्ये ठेवला की ती मोकळी जागा गुरुवारीच कुलूपबंद झाली. रविवारी तुमचा एक रिसीव्हर बाहेर बसला, तर त्याच्या जागी रिसीव्हरच लागेल, आणि बेंचवर आहेत दोन रनिंग बॅक. म्हणून लवकर खेळणारा नेहमी त्याच्या स्वतःच्या जागेत, आणि सर्वांत उशिरा खेळणारा फ्लेक्समध्ये. संघात एकही बदल न करता, नुसत्या जागा हलवून हे होतं.

मग दुखापती. रविवारच्या सामन्यांसाठी संघ बुधवार, गुरुवार, शुक्रवार सरावाचा अहवाल देतात आणि शेवटी क्वेश्चनेबल (नक्की नाही), डाउटफुल (बहुधा नाही) किंवा आउट असा शिक्का मारतात. नुसता शिक्का बघू नका, तीन दिवसांचा क्रम बघा. बुधवारी सराव नाही, गुरुवारी थोडा, शुक्रवारी पूर्ण, हा माणूस बहुधा खेळतो. बुधवारी पूर्ण आणि शुक्रवारी अचानक नाही, ही धोक्याची घंटा. जुन्या खेळाडूंना बुधवारी नुसती विश्रांती देतात, त्याने घाबरायचं कारण नाही.

कोण खेळणार नाही याची अंतिम यादी सामन्याच्या ९० मिनिटं आधी येते. पूर्व किनाऱ्याच्या वेळेने दुपारी १ च्या सामन्यांसाठी सकाळी ११:३०, दुपारी ४:२५ च्यांसाठी २:५५, रात्री ८:२० च्यासाठी ६:५०. फोनवर तीन गजर लावून टाका. लंडन किंवा जर्मनीतला सामना सकाळी ९:३० ला असतो, त्या रविवारी चौथा, सकाळी ८ चा. सोमवारी रात्री खेळणारा तुमचा माणूस क्वेश्चनेबल असेल तर त्याच सामन्यातला, किंवा निदान तोही सोमवारीच खेळणारा, बदली खेळाडू रविवारपूर्वी बेंचवर हवा. दुपारी एकचे सामने सुरू झाले की बेंचवरचे त्यातले खेळाडूही अडकतात, मग रात्री हातात कुणीच नसतं.

पुण्या-मुंबईतून भावाच्या किंवा मित्राच्या अमेरिकेतल्या लीगमध्ये खेळणाऱ्यांसाठी: दुपारचे १ म्हणजे आपले रात्रीचे १०:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं मागे जातात, मग ११:३०. रविवार रात्रीचा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे असतो. त्यासाठी उठायचं नसेल तर झोपण्यापूर्वी क्वेश्चनेबल माणूस काढून टाका. चार गुण कमी झाले तरी शून्य नको.

प्लेऑफच्या आठवड्यांत आणखी एक सावधगिरी. बहुतेक लीग अंतिम सामना १७ व्या आठवड्यात ठेवतात, कारण १८ व्यात जागा पक्की झालेले संघ मुख्य खेळाडूंना विश्रांती देतात. तुमची लीग १८ व्यात अंतिम सामना खेळत असेल, तर पुढच्या वर्षी कमिशनरशी (लीग चालवणाऱ्याशी) आधी भांडा.

सोमवारी रात्री हात बांधून बसणं

समजा सोमवारी संध्याकाळी तुम्ही १.२ गुणांनी पुढे आहात. समोरच्याचे सगळे खेळून झाले, तुमचं फक्त डिफेन्स उरलं आहे. बहुतेक लोक निवांत होतात. पण डिफेन्सचे गुण उणेही होऊ शकतात, समोरच्याने ३५च्या वर गुण केले की अनेक लीगमध्ये तसं होतंच. सामना सुरू होताच तुमच्या डिफेन्सपुढे दिसणारे गुण खरे धरू नका. समोरच्या संघाचं खातं उघडलेलं नसतं म्हणून ते दिसतात, आणि नंतर घसरत जातात. अशा वेळी डिफेन्स बेंचवर ठेवून जागा रिकामी सोडली की आघाडी शाबूत. काही लीगमध्ये जागा रिकामी ठेवायला बंदी आहे. तिथे ज्या संघाचं डिफेन्स सुट्टीवर आहे किंवा आधीच खेळून झालं आहे असा पर्याय चालतो का, ते कमिशनरला सामन्याच्या आधी विचारा, आणि ग्रुपवर लेखी.

फरक एका गुणाच्या आत असेल तर मंगळवारी ग्रुपवर ढोल वाजवू नका. एनएफएल सामन्यांची चित्रफीत पुन्हा तपासते, एखादा सॅक (क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडणं) काढून घेतला जातो, एखादा यार्ड इकडचा तिकडे होतो, आणि ही दुरुस्ती ॲपमध्ये गुरुवारपर्यंत येत राहते.